पंख्याला हात लावण्यापूर्वी

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या विज्ञान दालनात या आठवड्यात पुष्कळ वस्तू मांडलेल्या आहेत. सर्वांत जास्त गर्दी मात्र मुठीत मावेल एवढ्या एका इंजिनापाशी होते. अडीच सीसीचे हे इंजिन छोट्या विमानाच्या नाकावर बसवतात आणि त्याचा पंखा हाताने फिरवून ते सुरू करतात. टेबलाजवळ दिवसभर एकच दृश्य दिसते. मूल हात पुढे करते आणि आई किंवा वडील तो हात मागे ओढतात. इंजिन बंद आहे, त्यात इंधनाचा थेंब नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. तरीही हात पुढे जातो आणि तरीही तो मागे ओढला जातो. मुलाचे कुतूहल स्वाभाविक आहे आणि पालकांची भीतीही निराधार नाही. प्रश्न एवढाच, की ही भीती योग्य जागी बसली आहे काय?

ज्या शहरात हे प्रदर्शन भरले आहे, त्या चेन्नईचा या विषयाशी जुना संबंध आहे. पूर्वीच्या माउंट रोडवर, म्हणजे आजच्या अण्णा सालैवर, जाकोमो डी अँजेलिस नावाचे एक हॉटेलमालक राहत असत. २५ जुलै १९०९ रोजी लुई ब्लेरिओ याने विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली आणि जगभरच्या हौशी माणसांची झोप उडाली. डी अँजेलिस त्यांपैकीच एक. त्यांनी विमानाचा आराखडा केला आणि ते बांधून घेतले ते याच शहरातील सिम्प्सन कंपनीकडून, जिचा मूळ धंदा गाड्यांचे सांगाडे बांधण्याचा होता. मार्च १९१० मध्ये पल्लावरम येथे ते विमान उडाले. अलाहाबादहून नैनीला टपाल घेऊन गेलेले प्रसिद्ध उड्डाण १८ फेब्रुवारी १९११ चे. म्हणजे मद्रासचे हे साहस त्याच्या जवळजवळ वर्षभर आधीचे. सिम्प्सनचे नाव आजही चेन्नईत डिझेल इंजिनांवर वाचावयास मिळते. पल्लावरमचे ते माळरान मात्र आता मीनंबाक्कम विमानतळाच्या कुशीत गेले आहे. ज्या भागात हे उड्डाण झाले तेथे आज एखाद्या मुलाने खेळण्यातले विमान उडवले तरी पोलीस विचारणा करतील, आणि ते योग्यच होईल.

त्या काळी विमानाच्या इंजिनाला स्वतःहून सुरू होण्याची सोय नसे. कोणीतरी विमानासमोर उभे राहून लाकडी पंखा हाताने ओढून फिरवी. पुढे फ्लाइंग क्लबांत आलेली मॉथ जातीची विमानेही अशीच सुरू होत. त्यासाठी एक पद्धत ठरून गेली होती आणि तिच्यातच आजच्या विषयाचे सार आहे. एक माणूस आत बसलेला, दुसरा पंख्यापाशी. पंख्यापाशी असलेला मोठ्याने विचारी, ‘स्विच बंद?’ आतला तेच शब्द मोठ्याने परत उच्चारी. नंतर ‘काँटॅक्ट’ हा शब्द असाच दोन्हीकडून उच्चारला जाई आणि त्यानंतरच पंख्याला झटका मिळे. एकाचा शब्द दुसऱ्याने उच्चारल्यावाचून हात हलत नसे. हे काम दोघांचे आहे, ही गोष्ट त्या मंडळींना पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. अपघातांनी ती शिकवली होती.

महाराष्ट्रात ज्यांचे बालपण गेले त्यांना यातील पुष्कळसे नवीन वाटणार नाही. विहिरीवरच्या किर्लोस्कर इंजिनाला हँडल मारताना आधी डीकॉम्प्रेशनची लिव्हर उचलून ठेवावी लागे, म्हणजे सिलिंडरमधली हवा कोंडत नाही आणि जड चाक सहज गती घेते. चाकाला पुरेसा वेग आला की लिव्हर पाडायची. इंजिन धडधडू लागे. अनेक शेतांवर वडील हँडल मारीत आणि लिव्हर पाडण्याचा मान घरातल्या एखाद्या मुलाला मिळे. जुन्या जीपगाड्यांचे चालक तर नवशिक्याला पहिला धडा अंगठ्याचा देत. हँडल धरताना अंगठा चार बोटांच्या समोर वळवून मूठ आवळायची नाही. तो बोटांच्याच बाजूला ठेवायचा. कारण इंजिनाने उलटा फटका दिला तर हँडल हातातून सुटून जावे, अंगठ्याला घेऊन जाऊ नये. शाळेत न गेलेल्या चालकांनाही हे ठाऊक होते. धोक्याची वस्तू कशी धरावी हे ज्ञान आपल्याकडे हातातून हातात येत असे; स्टार्टरचे बटण आले आणि ती देवघेव थांबली.

आता टेबलावरच्या इंजिनाकडे वळू. पाठ्यपुस्तकात चार आघातांच्या इंजिनाची आकृती असते. हे सामान्यतः दोन आघातांचे असते, म्हणजे पंख्याच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. त्याचे दोन प्रकार हौशी मंडळींत रूढ आहेत. ज्याला ते ‘डिझेल’ म्हणतात त्यात ठिणगी नसते, तारही नसते. दट्ट्याने मिश्रण इतके दाबले जाते की ते स्वतःच पेटते. डोक्यावरच्या आडव्या दांडीच्या स्क्रूने हा दाब कमी-अधिक करता येतो. इंधन ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचे. साधारणपणे तिन्ही सारखे. दुसरा प्रकार ग्लो प्लगचा. रे आर्डन या अमेरिकन संशोधकाने १९४७ मध्ये तो बाजारात आणला. त्यात प्लॅटिनमयुक्त तारेचे एक बारीक वेटोळे असते. सुरुवातीला दीड व्होल्टच्या बॅटरीने ते लाल करायचे. एकदा इंजिन चालू लागले की मेथॅनॉलच्या ज्वलनामुळे आणि त्या धातूच्या गुणामुळे तार आपोआप तापलेली राहते, बॅटरी काढून घेता येते. इंधन मेथॅनॉल आणि एरंडेल किंवा कृत्रिम तेल; कधी थोडे नायट्रोमिथेन.

एरंडेलाचे नाव ऐकून मुले हसतात. पण पहिल्या महायुद्धातील अनेक विमानांच्या इंजिनांना एरंडेलच लागत असे आणि त्याचा धूर तोंडावर घेत उडणाऱ्या वैमानिकांच्या पोटाचे काय होई, त्याच्या कथा अजून सांगितल्या जातात. आजीच्या औषधाला एवढा मोठा इतिहास आहे!

इंजिन लहान असले तरी पंखा लहान समजू नये. नऊ इंची पंखा मिनिटाला १०,००० फेरे घेतो तेव्हा त्याच्या पात्याचे टोक ताशी सुमारे ४३० किलोमीटर वेगाने जात असते. एका सेकंदात पाती एकाच जागेवरून ३३० हून अधिक वेळा जातात. डोळ्यांना त्या जागी काहीच दिसत नाही. फार तर एक धुरकट चकती. समोर पाते दिसत नाही, म्हणून तेथे काही नाही असे हाताला वाटते, आणि दुखापत होते ती याच भ्रमामुळे. म्हणूनच जाणती मंडळी पात्यांच्या टोकांना पांढरा किंवा पिवळा रंग देतात. पंखा फिरू लागला की रंगाचे कडे उमटते आणि वर्तुळाची हद्द तरी दिसते.

सुरुवात पंखा तपासण्यापासून होते. पात्याच्या कडेवरून नख फिरवावे. खाच लागली, तडा दिसला, तर तो पंखा टाकून द्यावा. चिकटवून, घासून, टेप लावून वापरू नये. शंभर-दोनशे रुपयांसाठी मुले येथे हमखास तडजोड करतात, आणि तुटलेला तुकडा कोणाच्या डोळ्याकडे जाईल हे कोणी सांगू शकत नाही. पंख्याचा नट घट्ट असावा. विमान गवतावर किंवा स्वच्छ फरशीवर ठेवावे, खडीवर नव्हे; पंखा खडे उचलून भिरकावतो. ओढणी, टाय, गळ्यातले ओळखपत्र, छात्रसैनिकाच्या शिट्टीची दोरी, मनगटावरचे गोफ आणि बांगड्या आधी उतरवून ठेवाव्यात. लांब वेणी मागे बांधावी. पायात बूट, डोळ्यांवर चष्मा. चेन्नईच्या उकाड्यात मुले चपला घालून आणि घामेजलेल्या हातांनी या कामाला बसतात. हातासाठी कोरडा रुमाल जवळ ठेवणे ही क्षुल्लक गोष्ट नाही.

त्यानंतर दुसरा माणूस. त्याने विमानाच्या मागे बसून ते दोन्ही हातांनी घट्ट धरायचे. त्याचे काम एवढेच, पण या कामाला कमी लेखणारा मुलगा इंजिनाजवळ जाण्यास योग्य नाही असे समजावे. पंख्यापाशी बसलेल्याने विचारायचे, ‘धरलं?’ मागच्याने म्हणायचे, ‘धरलं.’ उत्तर आल्यावाचून बोट पात्याला लावायचे नाही. मॉथ विमानाच्या त्या जुन्या ‘काँटॅक्ट’चेच हे मराठी रूप.

पंखा पहिल्यांदा फिरवायचा तो हळू, आणि ग्लो प्लगच्या इंजिनात बॅटरी जोडण्यापूर्वी. हवा घेण्याच्या तोंडावर बोट ठेवून दोन-तीन फेरे दिले की इंधन नळीतून वर चढते. हे करताना दट्ट्या कोठे अडतो, किती जोर लागतो, हे हाताला कळते. येथे घाई करणारे फसतात. इंधन जास्त गेले तर दट्ट्यावर द्रव साचतो आणि द्रव दाबला जात नाही. पंखा एका जागी येऊन दगडासारखा थांबतो. अशा वेळी जोर लावला तर आतला दांडा वाकतो, आणि नुसते जास्त ओले झालेले मिश्रण दट्ट्या वर पोहोचण्याआधीच पेटले तर पंखा उलट फटका देतो. हाच तो जीपच्या हँडलचा फटका, फक्त येथे अंगठ्याच्या जागी पात्याची धार असते. उपाय साधा आहे. ग्लो इंजिनाची बॅटरी काढायची, प्लग काढायचा, विमान उलटे धरून पंखा फिरवायचा आणि जादा इंधन बाहेर जाऊ द्यायचे. डिझेल असेल तर दाबाचा स्क्रू सैल करून पंखा सावकाश फिरवत राहायचे. पाच मिनिटे जातात. मुलांना ती पाच मिनिटे जड वाटतात, कारण भोवती मित्र उभे असतात.

आता प्रत्यक्ष झटका. पंखा शाफ्टवर बसवतानाच तो अशा कोनात बसवावा, की दाब जाणवू लागतो त्या वेळी पाते हाताला सोयीच्या जागी असेल आणि झटका देऊन हात आपोआप वर्तुळाबाहेर पडेल. बोटे पात्याच्या मागच्या बाजूला वळवून पकड घ्यायची नाही. फक्त बोटांच्या पेरांनी पात्यावर वार करायचा आणि हात तसाच पुढे निघून जायचा. कॅरमच्या सोंगटीला मारल्यावर बोट थबकत नाही तसे. त्याहूनही चांगले म्हणजे बोट वापरूच नये. जाड रबरी नळी चढवलेला वीतभर लांबीचा लाकडी दांडका घ्यावा आणि त्याने पात्याला झटका द्यावा. इंग्रजीत या दांडक्याला भित्र्या माणसावरून थट्टेचे नाव पडले आहे आणि त्यामुळे पुष्कळ मुले तो वापरण्यास लाजतात. ज्याने हे नाव दिले त्याने हौशी मंडळींच्या बोटांचे नुकसानच केले. नाव काहीही असो, ग्लो इंजिनासाठी दांडका हाच नियम असावा. लहान डिझेल इंजिन बोटाने सुरू करण्याची परंपरा आहे. पण तेथेही चामड्याचे घट्ट बसणारे बोटमोजे उपयोगी पडतात. सैल हातमोजा मात्र नको. तो पात्यात अडकतो आणि हाताला सोबत नेतो.

इंजिन सुरू झाले, आवाज चढला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पालक सुटकेचा श्वास टाकतात, आता धोका टळला म्हणून. वास्तविक खरा धोका आता सुरू झालेला असतो. पंखा हाताने फिरवताना मन जागे असते. इंजिन चालू झाल्यावर ते आनंदात असते. ग्लो प्लगची बॅटरी काढायची असते, इंधनाची नीडल थोडी आत-बाहेर करून आवाज नीट जुळवायचा असतो, आणि या दोन्ही गोष्टी पंख्यापासून बोटभर अंतरावर असतात. समोर बसलेला मुलगा उठून मागे जाण्याचा कंटाळा करतो आणि पंख्याच्या वरून हात पुढे नेतो. यात एकच नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. इंजिन सुरू झाले की समोरून उठायचे, पंख्यापासून लांबून वळसा घालून विमानाच्या मागे जायचे आणि पुढची सर्व कामे मागूनच करायची. नीडल लांब नसेल तर तिला तारेची लांब दांडी जोडून घ्यावी. पंख्याच्या पातळीत, म्हणजे त्या चकतीच्या डाव्या-उजव्या बाजूला, कोणी उभे राहू नये. पाते तुटले तर तुकडा त्याच दिशेने जातो. बघ्यांनी विमानाच्या मागे थांबावे. बंद करताना इंधनाची नळी चिमटावी किंवा थ्रॉटल मिटवावे. फडके टाकून पंखा थांबवण्याचे शौर्य कोणी दाखवू नये.

दोरीवर उडणाऱ्या विमानांबद्दल येथेच एक गोष्ट सांगणे अवश्य आहे, कारण ती बोटांपुरती मर्यादित नाही. या विमानांच्या दोऱ्या पोलादी तारांच्या असतात. जवळपास विजेच्या तारा असतील तर तेथे उड्डाण करूच नये. या एका चुकीला दुरुस्ती नसते.

इंधनाच्या बाबतीत चेन्नईच्या हवेचा विचार वेगळाच करावा लागतो. ईथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळते. या शहरात एप्रिल-मेमध्ये दुपारचे तापमान त्याच्या वर असते. म्हणजे गच्चीवर उन्हात ठेवलेल्या डिझेल इंधनाच्या बाटलीतून ईथर निघून जाण्यासाठी धडपडत असते. झाकण सैल असेल तर ते उडून जाते, मग इंजिन सुरू होत नाही, आणि मुलगा वैतागून दाबाचा स्क्रू आवळत सुटतो. तेथून उलट्या फटक्याकडे जाण्यास फार वेळ लागत नाही. ईथरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते. मेथॅनॉलची खोड निराळी. ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि समुद्रकाठच्या या शहरात ओलाव्याला तोटा नाही. उघडी राहिलेली बाटली काही दिवसांत बिघडते. त्याची ज्योत इतकी फिकट असते, की भर उन्हात ती दिसतही नाही. फडके जळताना दिसण्याआधी हात भाजतो. सकाळी लवकर, ऊन चढण्यापूर्वी आणि समुद्रावरचा वारा सुटण्यापूर्वी ही कामे करावीत. इंधनाची बाटली सावलीत, झाकण घट्ट लावून, विमानापासून लांब ठेवावी.

मेथॅनॉल विष आहे, हे तमिळनाडूत वेगळे सांगावयास नको. जून २०२४ मध्ये कल्लकुरिची येथे मेथॅनॉलमिश्रित दारूने साठाहून अधिक माणसे दगावली. काहींची दृष्टी गेली. ज्या घरात हे इंधन येईल त्या घरात ते सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही भरले जाणार नाही आणि ते कुलुपात राहील, याची जबाबदारी मुलाची नसून मोठ्यांची आहे.

एवढे ऐकल्यावर अनेक पालकांच्या मनात एक विचार येणे साहजिक आहे. हल्ली विजेच्या मोटरी मिळतात. धूर नाही, तेल नाही, ईथर नाही, हाताने पंखा फिरवणे नाही. मुलाला ती घेऊन द्यावी म्हणजे काळजी मिटली. बहुतेक घरांत आज हेच घडते आणि दुकानदारही तेच सांगतो. येथे भीती अगदी चुकीच्या जागी बसते. लहान इंजिनाच्या पंख्याला अडथळा आला तर ते पुष्कळदा बंद पडते. जखम होते, पण इंजिन थांबते. विजेची मोटर अडली तर ती अधिक वीज ओढते आणि अधिक जोराने फिरू पाहते. बोट अडकले म्हणून ती थांबत नाही. शिवाय इंजिन सुरू होण्यापूर्वी माणसाला कष्ट करावे लागतात, म्हणून ते केव्हा सुरू होणार हे ठाऊक असते. मोटर बॅटरी जोडताक्षणीच, किंवा हातातल्या रिमोटची काडी चुकून सरकली तरी, आवाज न करता पूर्ण वेगात येऊ शकते. ती कधी सुरू होईल याची सूचना नसते.

म्हणून विजेच्या विमानालाही तोच शिष्टाचार लागू करावा. घरात तपासणी करताना पंखा काढून ठेवावा. नट सोडवण्याचा आळस करू नये. आधी रिमोट सुरू करून त्याची काडी तळाशी आहे हे पाहावे, आणि बॅटरी सर्वांत शेवटी, तीही मैदानावर, दुसऱ्याने विमान धरल्यानंतर जोडावी. ‘धरलं?’ आणि ‘धरलं’ हे दोन शब्द येथेही चुकवू नयेत. बॅटरी जोडली की ते विमान जिवंत आहे असे मानावे, पंखा फिरत असो वा नसो.

राष्ट्रीय छात्रसेना १९४८ मध्ये स्थापन झाली, दोन वर्षांनी तिची हवाई शाखा निघाली, आणि त्या शाखेच्या छात्रांना विमानांच्या प्रतिकृती बांधण्याचे व उडवण्याचे शिक्षण मिळते. याच शहरातील क्रोमपेटच्या मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये शिकत असताना तेथे ठेवलेल्या दोन निवृत्त विमानांकडे अब्दुल कलाम तासन्‌तास पाहत राहत, हे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. ही उदाहरणे द्यावयाची ती मुले मोठी होऊन शास्त्रज्ञ होतील म्हणून नव्हे. बहुतेक होणार नाहीत. परंतु मैदानावर, शिक्षकाच्या नजरेखाली शिकलेल्या मुलाला एक गोष्ट मिळते जी एकट्याने शिकणाऱ्याला मिळत नाही, आणि ती म्हणजे विमान धरणारा दुसरा माणूस.

पालकांच्या बंदीचा विचार येथे करावा लागतो. ‘या वस्तूला हात लावायचा नाही’ असे सांगितले की मुलगा ती वस्तू सोडून देतो असे समजणे भाबडेपणाचे आहे. तो ती गच्चीवर नेतो, ज्याला चेन्नईची मुले मोट्टैमाडी म्हणतात. दुपारी, सगळे झोपलेले असताना, उन्हात, चपला घालून किंवा अनवाणी, आणि एकटा. विमान धरायला कोणी नाही म्हणून ते डाव्या हाताने धरतो आणि उजव्या हाताने पंखा फिरवतो. इंजिन सुरू झाले की विमान पुढे झेप घेते आणि दोन्ही हात त्या वर्तुळाच्या आवाक्यात असतात. मागे जाता येत नाही, कारण सोडले तर विमान कठड्यापलीकडे जाईल. बंदीने इंजिन काही दूर गेले नाही; दूर गेला तो फक्त दुसरा माणूस.

आणि बोट कापलेच तर? कापलेले बोट मूल लपवते, कारण त्याला जखमेपेक्षा घरच्यांच्या प्रश्नांची धास्ती अधिक असते. शाळेत काम केलेल्या कोणालाही हा अनुभव परका नाही: खिशात लपवलेला हात, रुमालाची गाठ, ‘दारात चेमटले’ हे ठरलेले उत्तर. पंख्याची जखम बाहेरून लहान दिसली तरी आतले स्नायुबंध तुटलेले असू शकतात, आणि त्यात तेल व इंधन गेलेले असते. स्वच्छ फडक्याने दाबून धरणे, हात उंच ठेवणे आणि विनाविलंब डॉक्टरांकडे नेणे, एवढेच त्या वेळी करावयाचे असते. प्रश्न विचारण्यास नंतर पुष्कळ वेळ मिळतो. घरात हे आधी सांगून ठेवलेले असेल तर मूल हात लपवत नाही.

ज्या पालकांना हे शिक्षण आपल्या पाल्यास द्यावयाचे आहे, त्यांनी पंखा फिरवण्याचे काम स्वतः करू नये असे सुचवावेसे वाटते. वडील पुढे बसतात, मुलाला मागे उभे करतात, आणि दोन तासांनी मूल कंटाळून निघून जाते. अशी अनेक रविवार सकाळची चित्रे दिसतात. उलट करावे. मोठ्याने मागे बसून विमान धरावे आणि मुलाने, दांडका हातात घेऊन, प्रश्न विचारावा. मोठ्याला गप्प बसून धरून राहणे कठीण जाते, पण जमते. मुलाने उत्तराची वाट न पाहता दांडका उचलला तर त्या दिवशीचे काम तेथेच थांबवावे, रागावू नये, आणि पुढच्या रविवारी पुन्हा बसावे. मुलीही या कामात मागे राहण्याचे कारण नाही. हाताच्या ताकदीचा येथे फारसा प्रश्न येत नाही, क्रमाचा येतो.

शेवटी दालनातल्या टेबलाविषयी. इंजिनावर पंखा बसवलेला नाही, याबद्दल काही पालकांनी चौकशी केली. तो मुद्दाम काढून शेजारी ठेवला आहे. त्याच्या एका पात्याच्या कडेवर, टोकापासून दोन बोटे आत, एक बारीक खाच आहे. नजरेला ती चटकन दिसत नाही, नखाला मात्र लगेच लागते. या खाचेमुळेच तो पंखा वापरातून काढून टाकला गेला. शेजारी दांडका ठेवला आहे, त्याच्या रबरी नळीवर पात्याचे वळ उमटलेले आहेत. या दोन्ही वस्तूंना मुलांनी हात लावण्यास हरकत नाही. उद्या दालन सकाळी नऊला उघडेल. मुलांना सोबत आणावे आणि त्यांच्या आधी स्वतःचे नख त्या खाचेवरून फिरवून पाहावे.